मराठी मिडियममधून थेट फिजिक्सला : बल, एककं आणि मोजमाप कुठून सुरू करायचं

दहावीनंतर मी शिक्षण सोडलं होतं. सात वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये काम केलं आणि मग डिप्लोमाला ॲडमिशन घेतली. पहिल्याच सेमिस्टरला फिजिक्स समोर आलं. सूत्रं पाठ व्हायची, आकडेही टाकता यायचे, पण उत्तर ४९ आलं तर ते ४९ काय आहे हे मला सांगता यायचं नाही. किलो? मीटर? जोर? आणि सगळं इंग्रजीत, त्यामुळे जे नववीत मराठीतून नीट कळलेलं होतं तेसुद्धा नवीनच काहीतरी वाटायला लागलं.

आता आमच्या कळव्यातल्या चाळीतली अकरावी सायन्सला गेलेली चारपाच मुलं रविवारी माझ्याकडे बसतात आणि तेच प्रश्न तशाच्या तसे विचारतात. म्हणून हे लिहितोय. मला जे कळायला वर्ष लागलं ते एवढंच की फिजिक्समधला प्रत्येक शब्द म्हणजे मोजता येणारी गोष्ट आहे, आणि ती कशाने मोजतात आणि कशात मोजतात हे कळल्याशिवाय सूत्राकडे जायचंच नाही. खालचा क्रम तसाच लावलाय, कृपा करून मधली पायरी सोडू नका.

काय काय लागेल

- दोनशे पानी वही, आणि एक वेगळी छोटी वही फक्त शब्दांसाठी
- मीटरपट्टी किंवा सुताराची मेटल टेप
- ताणकाटा, म्हणजे हुक असलेला स्प्रिंगचा काटा, सामान लटकवून वजन करतात तो. स्प्रिंगचाच घ्या, डिजिटल नको, कारण पुढे सांगतो
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच
- दोरा, एक जड नट, पाच किलो तांदळाची पिशवी
- बालभारतीची सातवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं, त्यांची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते

शेवटची गोष्ट लहान मुलांची वाटून टाळू नका. मी सगळ्यात जास्त त्याच पुस्तकांतून शिकलो, अकरावीचं जाड पुस्तक नंतर उघडलं.

१. आधी शब्दांची वही करा

पानाचे तीन भाग करा. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द जसा ऐकू येतो तसा, तिसऱ्यात एकक. बल, फोर्स, न्यूटन. त्वरण, ॲक्सिलरेशन, मीटर प्रति सेकंद वर्ग. संवेग, मोमेंटम, किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. कार्य, वर्क, जूल. शक्ती, पॉवर, वॅट. दाब, प्रेशर, पास्कल. असे चाळीसेक शब्द झाले की अकरावीचं अर्धं इंग्रजी आपोआप सुटतं.

इथला खड्डा म्हणजे आपले रोजचे शब्द. घरी आपण जोर, ताकद, शक्ती एकाच अर्थाने बोलतो, फिजिक्समध्ये बल वेगळं आणि शक्ती वेगळी. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, शक्ती म्हणजे काम किती भराभर होतंय ते. तसंच चाल आणि वेग. बोलताना गाडीचा वेग म्हणतो ती पुस्तकात चाल असते, कारण वेगाला दिशाही लागते. नुसत्या आकड्याने जी पूर्ण सांगता येते ती अदिश राशी आणि आकड्यासोबत दिशा सांगावी लागते ती सदिश. वस्तुमान, वेळ, तापमान, अंतर ही अदिश. विस्थापन, वेग, त्वरण, बल ही सदिश.

अंतर आणि विस्थापन यात सगळेच अडकतात, त्यासाठी एवढं लक्षात ठेवा. तुम्ही सकाळी ठाण्याहून सीएसएमटीला गेलात आणि संध्याकाळी परत ठाण्याला त्याच प्लॅटफॉर्मवर उतरलात तर अंतर ६८ किलोमीटर झालं आणि विस्थापन शून्य. दिवसभर उभं राहून प्रवास केला तरी शून्यच, कारण विस्थापन फक्त सुरुवात आणि शेवट बघतं.

२. एककं : इथे घाई केली तर पुढे सगळं चुकतं

जगभरात जी एसआय पद्धत चालते तिच्यात मूलभूत एककं फक्त सात आहेत. लांबीला मीटर, वस्तुमानाला किलोग्रॅम, वेळेला सेकंद, विद्युतधारेला अँपिअर, तापमानाला केल्विन, पदार्थाच्या राशीला मोल आणि प्रकाशाच्या तीव्रतेला कॅन्डेला. बाकी जे काही ऐकाल, न्यूटन, जूल, वॅट, पास्कल, ते या सातांमधूनच तयार होतं. यांत्रिकी म्हणजे बल-गतीचा जो भाग आहे त्याला तर पहिली तीनच पुरतात.

न्यूटन सोडवून बघा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण (वेग दर सेकंदाला किती बदलतो ते), मग एकक झालं किलोग्रॅम गुणिले मीटर प्रति सेकंद वर्ग. एवढ्या लांबलचक नावाला दिलेलं छोटं नाव म्हणजे न्यूटन. १ न्यूटन केवढा असतो हे हाताला कळायला हवं, म्हणून शंभर ग्रॅम शेंगदाण्याची पुडी तळहातावर ठेवा, ती खाली जेवढी दाबते ते जवळजवळ १ न्यूटन. मी हे मुलांना पहिल्याच दिवशी करायला लावतो, कारण नंतर गणितात मुलाने चेंडूला मारलेल्या लाथेचं बल ५ लाख न्यूटन आलं तर त्यांना स्वतःलाच कळतं की काहीतरी गडबड आहे.

आपल्याकडे अजून जुनी मापंही चालू आहेत आणि त्यांची लाज वाटायचं काहीच कारण नाही, फक्त बदलता आली पाहिजेत. वर्कशॉपमध्ये आणि सुतारकामात 'दोन सूत कमी कर' म्हणतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. जमिनीला गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. वाळूला ब्रास, १०० घनफूट. हे सगळं मीटरमध्ये बदलून बघणं हा उत्तम सराव आहे, पुस्तकातल्या गणितापेक्षा चांगला.

माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. ड्रॉइंगवर दहा एमएमच्या बोल्टला ५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा पीळ, लिहिला होता. माझ्या हातातल्या टॉर्क रेंचवर दोन स्केल होत्या, मी ५० वर लावला, पण तो फूट-पाउंडच्या स्केलवर. ५० फूट-पाउंड म्हणजे जवळपास ६८ न्यूटन-मीटर, एक तृतीयांशापेक्षा जास्त. बोल्ट ताणला गेला आणि दुसऱ्या दिवशी तुटला, नशिबाने खाली कोणी नव्हतं. आकडा बरोबर होता, एकक चुकलं होतं. हीच चूक किती मोठी होऊ शकते ते बघा, १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंडातलं माप देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटनमध्ये आहे असं धरून चाललं होतं.

म्हणून नियम एकच, वहीत एकही आकडा एककाशिवाय उघडा लिहायचा नाही. कच्च्या आकडेमोडीतसुद्धा नाही.

किलोमीटर प्रति तासाचं मीटर प्रति सेकंद करायला सगळे ५/१८ पाठ करतात. पाठ करू नका, एकदा काढून बघा. १ किलोमीटर म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद, १००० भागिले ३६०० म्हणजे ५/१८, संपलं. सराव आपल्याच गावाचा घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं लागली असं सांगतात. ३४००० मीटर भागिले ३४२० सेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० मीटर, म्हणजेच ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास. ही सरासरी चाल, गाडी मध्ये हळू-जोरात झाली असेल ते यात दिसत नाही.

किलोग्रॅमबद्दल एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजेच १ किलोग्रॅम असं जग मानत होतं, आणि त्याच्या अधिकृत प्रतींपैकी ५७ नंबरची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पण मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांत काळानुसार काही मायक्रोग्रॅमचा फरक पडत गेला, मग खरा किलो कोणता? शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर नेली. जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा जो शिक्का असतो ना, त्यामागची साखळी अशी तिथपर्यंत जाते.

३. मोजायला शिका

टेप लावून आकडा वाचला म्हणजे मोजमाप झालं असं नाही. तीन गोष्टी बघायच्या. साधनाचं लघुत्तम माप किती, म्हणजे ते कमीत कमी किती मोजू शकतं. शून्याची चूक आहे का, म्हणजे काही न लटकवता काटा शून्यावर आहे का. आणि डोळा आकड्याच्या बरोबर समोर आहे का, तिरकं बघितलं की आकडा बदलतो. पट्टीने १ मिलिमीटर मोजता येतं, कॉलेजमधल्या साध्या व्हर्निअरने ०.१ मिलिमीटर, स्क्रू गेजने ०.०१ मिलिमीटर. पट्टीने मोजून ३.४५७ सेंटिमीटर लिहिलंत तर सर मार्क कापणार आणि ते बरोबरच आहे, पट्टीला ते दिसतच नाही.

आता हा प्रयोग नक्की करा, एक रुपया खर्च नाही. दोऱ्याला नट बांधून खिळ्याला लटकवा, खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. नटाच्या वरच्या टोकापर्यंत नाही, मध्यापर्यंत, इथे सगळे चुकतात. थोडासाच बाजूला नेऊन सोडा, ढकलू नका. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं. एक झोका मोजू नका, २० मोजा, कारण स्टॉपवॉच दाबताना बोटाला जो उशीर होतो तो २० झोक्यांत वाटला जातो. मला २० झोक्यांना ४०.२ सेकंद लागले, म्हणजे एकाला २.०१. मग ४ गुणिले पायचा (π, ३.१४) वर्ग गुणिले लांबी, भागिले या वेळेचा वर्ग, असं केलं की ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. गुरुत्वीय त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचं त्वरण! पुस्तकात ९.८ लिहिलेलं असतं ते मी कळव्याच्या खोलीत नटाने काढलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. खरं सांगतो, फिजिक्स माझं झालं ते त्या दिवशी.

४. वस्तुमान आणि वजन एकदाच वेगळं करा

वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती, किलोग्रॅममध्ये, कुठेही नेलं तरी तेच. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती बलाने ओढते, न्यूटनमध्ये. ५ किलो तांदळाचं वजन ५ गुणिले ९.८, म्हणजे ४९ न्यूटन. माझं ते सुरुवातीचं ४९, आठवलं? चंद्रावर तांदूळ ५ किलोच राहतील पण वजन साधारण सहावा भाग, ८ न्यूटनच्या आसपास. पृथ्वीवरही वजन सगळीकडे अगदी सारखं नाही, कारण गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३ आहे.

गोंधळ होतो कारण दुकानातला काटा मोजतो बल आणि दाखवतो किलो. कंप्रेसरच्या गेजवरसुद्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलेलं असतं, तिथला किलो म्हणजे एक किलोचं वजन, ९.८ न्यूटन. हे वाचता आलं की डिप्लोमाच्या लॅबमध्ये अर्धी भीती जाते.

५. बल कळायला लिफ्टमध्ये जा

घोडबंदर रोडला मित्राच्या बिल्डिंगमध्ये बावीस मजले आहेत, तिथे दुपारी लिफ्ट रिकामी असताना आम्ही ताणकाट्याला ५ किलोची पिशवी लटकवून वर गेलो. डिजिटल काटा नको म्हटलं ते यासाठी, तो आकडा धरून ठेवतो आणि मधला बदल दाखवतच नाही.

लिफ्ट वर निघाली त्या क्षणी काटा ५.४ वर गेला. दोनतीन सेकंदांत परत ५ वर आला आणि पार वरपर्यंत ५ वरच राहिला. थांबताना ४.६ झाला आणि मग पुन्हा ५.

यातली मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लिफ्ट जोरात वर जात होती तरी काटा ५ च दाखवत होता, म्हणजे एकसारख्या वेगाने जाण्यासाठी जास्तीचं बल लागत नाही. वेग बदलायला लागतं. न्यूटनचा पहिला नियम हाच, वाक्य पाठ न करता. आणि सुरुवातीला जे ०.४ किलो जास्त दिसलं ते किती बल? ०.४ गुणिले ९.८, साधारण ३.९ न्यूटन. ५ किलोवर ३.९ न्यूटन म्हणजे त्वरण ०.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. हा दुसरा नियम. लिफ्टचं त्वरण आपण तांदळाने मोजलं.

लोकलमध्ये हे रोज अंगावर येतं. गाडी सुटली की आपण मागे जातो, ब्रेक लागला की पुढे. मागे कोणी ढकलत नाही, शरीर आपली आधीची स्थिती सोडायला तयार नसतं, त्याला जडत्व म्हणतात. समजा गाडी २० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरला पोचली, म्हणजे १० मीटर प्रति सेकंद, तर त्वरण ०.५. तुमचं वस्तुमान ६० किलो असेल तर तुम्हाला गाडीबरोबर न्यायला ३० न्यूटन लागतात, ते चपलेखालच्या घर्षणातून आणि वरच्या हँडलमधून मिळतात.

सगळ्यात मोठा गैरसमज : 'वस्तू चालू ठेवायला सतत बल लावावं लागतं.' आपल्याला तसं वाटतं कारण जमिनीवर घर्षण असतं. पुस्तकांचा खोका ताणकाट्याने फरशीवर ओढून बघा, सुटताना काटा जास्त दाखवतो आणि सुटल्यावर कमी. पहिलं स्थितिक घर्षण, दुसरं गतिक. तुम्ही एकसारखं ओढत असताना जेवढं बल लावता तेवढंच घर्षण उलट लावतंय, एकूण शून्य.

६. बलाचं चित्र काढल्याशिवाय गणित नाही

वस्तू म्हणजे एक चौकोन. तिच्यावर जी जी बलं आहेत त्यांचे बाण काढा, फक्त तिच्यावरची, तिने दुसऱ्यावर लावलेली नाहीत. पृथ्वी खाली ओढते, फरशी वर ढकलते, दोरी ताणते, घर्षण अडवतं. बाण काढताना स्वतःला विचारा, हे बल कोण लावतंय? उत्तरात वस्तूचं नाव नाही आलं तर तो बाण खोटा. 'पुढे जायचं बल' असा बाण मुलं हमखास काढतात, त्याला लावणारा कोणीच नसतो.

तिसऱ्या नियमातली चूकही इथेच पकडता येते. क्रिया-प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध, मग दोन्ही मिळून शून्य का होत नाहीत? कारण दोन्ही वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. तलावपाळीला बोटिंग केलं असेल तर आठवा, वल्हं पाण्याला मागे ढकलतं हे बल पाण्यावर, पाणी वल्ह्याला पुढे ढकलतं हे बल बोटीवर. बोटीच्या चित्रात दुसरंच येतं, म्हणून बोट सरकते. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाने वर लावलेलं बल ही मात्र क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही, दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. हा प्रश्न परीक्षेत फिरवून फिरवून विचारतात.

७. कार्य, ऊर्जा, शक्ती : विजेचं बिल समोर ठेवा

कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेतलं विस्थापन. २० किलोची बॅग डोक्यावर घेऊन तासभर प्लॅटफॉर्मवर उभे राहिलात तर घाम येईल पण बॅगेवर केलेलं कार्य शून्य, कारण बॅग हललीच नाही. तीच बॅग ५ मीटर उंच पुलावर नेली तर २० गुणिले ९.८ गुणिले ५, म्हणजे ९८० जूल. पळत नेली की रमतगमत नेली, कार्य तेवढंच, शक्ती वेगळी. १० सेकंदांत नेली तर ९८ वॅट, ४९ सेकंदांत नेली तर २० वॅट.

बिलावरचं एक युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास. नावात वॅट आहे म्हणून मुलं त्याला शक्ती समजतात, ती ऊर्जा आहे, १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद म्हणजे ३६ लाख जूल. सोसायटीच्या पंपावर एचपी (हॉर्सपॉवर) लिहिलेलं असतं ती शक्ती, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. ५ एचपीचा पंप पूर्ण भाराने तासभर चालला तर किती युनिट जातील ते काढा, उत्तर ३.७ च्या थोडं वर यायला हवं, आणि मोटर स्वतः गरम होण्यात जे वाया घालवते ते धरलं तर अजून जास्त.

हे झालं की अकरावीच्या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणातली गणितं घ्या. दिवसाला पाचच, पण प्रत्येकाचं चित्र, प्रत्येक ओळीत एकक, आणि उत्तर आल्यावर शेंगदाण्याच्या पुडीशी ताडून बघा. अडलात तर पुढची पाच सोडवू नका, अडलेल्या गणितातला एकेक शब्द शब्दांच्या वहीत शोधा. माझ्याकडच्या मुलांचं बहुतेक वेळा गणित अडलेलं नसतं, एखादा शब्द अडलेला असतो.